पुढच्याला ठेच लागली, पण तो बोललाच नाही

दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. चोवीस मुलं, बारा मशीन. छापील जर्नलमधला हिस्टोग्रामचा कोड मुलांनी जसाच्या तसा उतरवला आणि बाराच्या बारा स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. तक्रार काय, तर रेक्टँगलकडे 'नॉर्म्ड' नावाचा गुणधर्म नाही. मुलं गोंधळली. आयत मागितलाय कोणी? हिस्टोग्रामचे खांब म्हणजे आतून आयतच असतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

भानगड साधी होती. आलेख काढायला आम्ही पायथनमधली मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी वापरतो. तिच्या २.१ व्हर्जनमध्ये 'नॉर्म्ड' हा पर्याय मोडीत निघाला आणि त्याच्या जागी 'डेन्सिटी' आला. ३.१ मध्ये जुनं नाव पुसूनच टाकलं. आमचं जर्नल त्याच्याही आधीचं. मी खडू घेऊन समजावायला उठणार, तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीच्या स्क्रीनवर नीट आलेख दिसला. तिने शोधलं होतं, शब्द बदलला होता आणि मुकाट्याने पुढच्या प्रयोगाला लागली होती.

"अगं, सांगायचंस ना सगळ्यांना," मी म्हटलं.

"सर, माझं चाललं ना," ती म्हणाली.

तिला काय बोलणार? आदल्या वर्षीची बॅचही याच ओळीवर अडकली होती. तेव्हा मी फळ्यावर दुरुस्ती लिहिली, तास संपल्यावर फळा पुसला, आणि जर्नल तसंच्या तसं पुन्हा छापायला गेलं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. त्या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: ठेच लागलेला माणूस निदान 'आई गं' तरी म्हणतो. आपल्याकडे रोज हजारो मुलं, शिक्षक, नोकरदार, संशोधक या लायब्ररीचे डॉक्स, म्हणजे ती कशी वापरायची हे सांगणारी पानं, उघडतात, कुठल्या तरी ओळीवर ठेचकाळतात, अंगठा चोळतात आणि पुढे जातात. दगड तिथेच. हा लेख त्या न बोलणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांत मीही आहे.

आता ही लायब्ररी कुठून आली ते थोडं सांगतो, कारण तिची गोष्टच अशा अडचणीतून सुरू होते. जॉन हंटर हा शिकागोतला मेंदूविज्ञानाचा संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतून येणारे विद्युतसंकेत तो तपासायचा. त्यासाठीचं सॉफ्टवेअर विकतचं होतं आणि प्रयोगशाळेकडे त्याचं लायसन्स एकच. ते चालायला मशीनला एक हार्डवेअरची किल्ली लावावी लागे. विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक सगळे ती किल्ली पाळीपाळीने वापरायचे. नळाला पाणी आल्यावर चाळीत बादल्यांची रांग लागते, तसला प्रकार. हंटरने कंटाळून स्वतःच आलेख काढायची व्यवस्था लिहायला घेतली आणि २००३ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. २००८ मध्ये फिनिक्स यान मंगळावर उतरलं तेव्हा माहिती पडद्यावर दाखवायला मॅटप्लॉटलिब वापरात होतं. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्याच्या कामातही ते होतं. हंटरने ते चित्र बघितलं नाही. जुलै २०१२ मध्ये त्याने पायथन वापरणाऱ्या संशोधकांच्या सायपाय परिषदेत भाषण केलं, लगेच कॅन्सरचं निदान झालं आणि २८ ऑगस्टला, उपचारांतल्या गुंतागुंतीत, तो गेला. वय चव्वेचाळीस.

त्याच्यामागे आधी मायकेल ड्रोटबूम, नंतर थॉमस कॅसवेल आणि त्यांच्यासोबतची थोडी माणसं हा गाडा ओढत आली. मदतीला नमफोकस ही ना-नफा संस्था आहे, अधूनमधून अनुदानंही मिळतात. तरी काम मुख्यतः कोणी तरी नोकरीनंतरच्या वेळात केलेलंच असतं.

ही लायब्ररी उद्या बंद पडणार, अशी आवई मला उठवायची नाही. कोड चालतो आहे, चालत राहील. कुजतं ते त्याचं वर्णन. कोड बिघडला की लाल अक्षरं येतात आणि कोणी तरी धावतं. वाक्य बिघडलं की काहीच होत नाही. ते तसंच छान मांडलेलं दिसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपलंच डोकं चालत नाही.

एक वाक्य किती वजन उचलतं ते दाखवतो. शेजारच्या शाळेतले एक सर दहावीच्या सराव परीक्षेच्या गुणांचा आलेख घेऊन आले होते. गट त्यांनी पाडले होते ०, ३५, ६०, ७५ आणि १०० या कडांवर. प्रश्न एकच: ज्याला बरोबर ३५ मिळाले तो कोणत्या खांबात? आणि ३५ वर नेहमी गर्दी असते, हे तपासणाऱ्या कोणालाही विचारा. तेहतीस-चौतीसवाल्यांना ढकलत ढकलत तिथेच आणून सोडलेलं असतं. मॅटप्लॉटलिबच्या हिस्टोग्रामच्या डॉक्समध्ये याचं उत्तर एका ओळीत आहे: प्रत्येक गटात डावी कड धरायची, उजवी सोडायची, फक्त शेवटच्या गटात दोन्ही कडा धरायच्या. म्हणजे ३५ वाला दुसऱ्या खांबात, पास. आणि १०० वाला बाहेर पडत नाही, शेवटच्या खांबातच राहतो. ही ओळ तिथे कंसांच्या खुणांनी समजावली आहे. चौकोनी कंस म्हणजे कड आत, गोल कंस म्हणजे कड बाहेर.

सर 'आर' या भाषेत वाढलेले. तिथला हिस्टोग्राम, आपण वेगळं सांगितलं नाही तर, बरोबर उलटं करतो: उजवी कड आत, डावी बाहेर. त्यामुळे काठावर पास झालेली सगळी पोरं नापासांच्या खांबात आहेत असं धरून त्यांनी शेरा लिहून ठेवला होता. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण डॉक्समधला तो एक कंस टंकताना चौकोनीचा गोल झाला असता, तर तपासायला बसलेले आम्ही दोघंही मान डोलावून चहा प्यायला गेलो असतो.

एक वाक्य नीट असणं म्हणजे काय, हे यावरून कळावं. आणि नीट नसण्याच्या जागा पुष्कळ आहेत. नावं बदलतात आणि जुनी नावं उदाहरणांत लटकत राहतात. रंगपट्ट्या मिळवण्यासाठी 'सीएम' विभागात 'गेट सीमॅप' होतं, ते ३.९ मध्ये काढलं आणि ३.९.१ मध्ये तात्पुरतं परत आणलं. पण त्याच नावाचं फंक्शन 'पायप्लॉट' विभागात अजून सुखाने नांदतं आहे. नवशिक्याने यातून काय समजायचं? त्याच ३.९ मध्ये बॉक्सप्लॉटच्या 'लेबल्स'चं 'टिक लेबल्स' झालं. स्कॅटर प्लॉटमध्ये ठिपक्याचा आकार क्षेत्रफळासारखा, म्हणजे पॉइंटच्या वर्गात द्यायचा. साध्या प्लॉटमध्ये तोच आकार नुसत्या पॉइंटमध्ये. ठिपका दुप्पट रुंद हवा असेल तर साध्या प्लॉटमध्ये दुप्पट आकडा, स्कॅटरमध्ये चौपट. डॉक्समध्ये हे लिहिलेलं आहे, पण वर्गाची ती खूण डोळ्यांवरून घसरून जाते आणि लोकसंख्येच्या नकाशावर पुणं उगाचच गावाएवढं दिसतं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र दोन शब्दांचा. मॅटप्लॉटलिबमध्ये 'ॲक्सिस' म्हणजे क्ष किंवा य अक्ष. 'ॲक्सेस' म्हणजे आलेखाची सबंध चौकट, अक्ष, खांब, रेघा, शीर्षक सगळं पोटात घेऊन. आणि इंग्रजीत 'ॲक्सिस'चं अनेकवचनही 'ॲक्सेस'च! इंग्रजीत जन्मलेला माणूस संदर्भावरून ओळखून पुढे सरकतो. आपली मुलं तिथे थांबतात, मागे जातात, पुन्हा वाचतात. 'सर, इथे दोन अक्ष म्हणायचंय की चौकट?' हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि दरवर्षी एखाद्या ट्यूटोरिअलमधलं एखादं वाक्य असं सापडतं की मलाही खात्रीने सांगता येत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. 'माझं इंग्रजी कच्चं आहे, मी काय डॉक्स सुधारणार' असं मराठी माध्यमातली मुलं म्हणतात. मी म्हणतो, तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणूनच तू हव्या त्या जागी अडखळलास. ज्याने ते फंक्शन लिहिलं त्याला ते वाक्य वाचायची गरजच पडत नाही. त्याला उत्तर आधीच माहीत आहे. शिकून तयार झालेल्यालाही ते दिसत नाही. दिसतं फक्त पहिल्यांदा येणाऱ्याला, आणि तेही थोडे दिवसच. पंधरा दिवसांनी तोही तयार होतो आणि आपण कुठे अडलो होतो हे त्याचं त्यालाच आठवत नाही. मराठी शाळेतून आलेल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या हातात ही चीज आहे, आणि तो ती दर सोमवारी फुकट घालवतो.

एक क्षेत्र तर असं आहे की तिथे आपल्याशिवाय इलाज नाही. आलेखावर मराठी शीर्षक देऊन बघा. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट देजावू सॅन्स. त्यात देवनागरी नाही, म्हणून चौकोनी डबे उमटतात. देवनागरी फॉन्ट निवडला की अक्षरं येतात, पण कित्येक व्हर्जनमध्ये ती सुटी सुटी येतात. 'विक्री' लिहिलं की वेलांटी 'व'च्या मागे जाऊन उभी राहते आणि 'क्र'चा पाय मोडून 'क' आणि 'र' वेगळे होतात. जिल्हा परिषदेच्या अहवालात असा आलेख छापला तर लोक काय म्हणतील? मग आपली माणसं काय करतात, तर शीर्षक रिकामं सोडून वर्डमध्ये चित्र चिकटवतात आणि वरती मराठी टंकतात. मीही केलंय. जोडाक्षरं जुळवणारी व्यवस्था आतच आणायचं काम अलीकडच्या वर्षांत सुरू झालं आहे. ती आली की तिचे डॉक्स लागतील, उदाहरणं लागतील. त्या उदाहरणातला 'ज्ञ' बरोबर उमटलाय की नुसता बरोबर वाटतोय, हे शिकागोतला माणूस कसं सांगणार?

'आता चॅटबॉटला विचारलं की झालं, डॉक्स वाचतंय कोण?' असं एक विद्वान विद्यार्थी मला म्हणाला. अरे बाबा, तो चॅटबॉट तरी कुठून शिकला? हेच डॉक्स, हीच जुनी उदाहरणं, हीच काढून टाकलेली नावं वाचून. विहिरीत गाळ असेल तर मोटर कितीही अश्वशक्तीची लावा, गढूळच येणार.

आता दुरुस्ती करायची कशी. आधी व्हर्जन बघा. मशीनवर कोणतं आहे ते पायथन एका ओळीत सांगतो. बरेचदा गूगलवरून आलेलं पान चार-पाच वर्षांपूर्वीच्या व्हर्जनचं असतं. वर पट्टीवर तसं लिहिलेलंही असतं, आपण वाचत नाही. ती चूक डॉक्सची नाही, आपली. मग त्याच पानाची डेव्हलपमेंट आवृत्ती उघडा. कोणी आधीच दुरुस्त केलं असेल तर तिथे दिसेल. नसेल, तर इश्यूंच्या, म्हणजे लोकांनी कळवलेल्या अडचणींच्या, यादीत शोधा.

तिथेही नसेल तर मजा सुरू होते. फंक्शनच्या वर्णनाशेजारी 'सोर्स' अशी लिंक असते. ती दाबली की कळतं, ते वर्णन वेगळ्या कुठल्या फाइलीत नसून फंक्शनच्या पोटातच, कोडच्या वर, लिहिलेलं आहे; स्फिंक्स नावाचं साधन ते उचलून त्याचं पान बनवतं. मुलांना हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. ज्याला ती ग्रंथ समजत होती, तो कोणाच्या तरी हाताने टंकलेला चार ओळींचा मजकूर होता, आणि शेजारी पेन्सिलचं चिन्ह होतं. पेन्सिल दाबा, स्वतःची प्रत होते, शब्द बदला, पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, पाठवा. काही वेळात डॉक्स पुन्हा बांधले जातात आणि तुमचं वाक्य पानावर कसं दिसतं ते बघता येतं. लहान दुरुस्तीसाठी स्वतःच्या मशीनवर काहीही बसवावं लागत नाही.

मॅटप्लॉटलिबचा डॉक्ससाठीचा नियम मला फार आवडतो. कोडच्या बदलाला जास्त डोळे लागतात, पण डॉक्सचा बदल पहिला तपासणारासुद्धा मूळ प्रतीत सामील करू शकतो, आणि त्याने कसोटी एवढीच लावायची: आधी होतं त्यापेक्षा हे बरं आहे का? परिपूर्ण आहे का, असं कोणी विचारत नाही. आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी ही कसोटी चौकटीत घालून भिंतीवर लावावी. असो.

दोन पथ्यं मात्र पाळायची. पहिलं, 'हे काम मला द्या सर' असं लिहीत बसू नका. तिथे कामं वाटून देत नाहीत. करायचं आणि पाठवायचं. दुसरं जरा जास्त टोचणारं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात पुल रिक्वेस्टवर मिळणारा टी-शर्ट मिळवायचा म्हणून लोकांनी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला. सुरुवातीच्या ओळीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढं घुसडायचं आणि पाठवून द्यायचं. ते कसं करायचं हे दाखवणारा एक व्हिडिओ आपल्या देशातला होता. प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले की त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आयोजकांना नियम बदलावे लागले. आता तेच काम चॅटबॉटकडून करून घेण्याची नवी हौस आली आहे, आणि मॅटप्लॉटलिबने आपल्या नियमांत त्यावर बंधनं घातली आहेत. न समजलेला मजकूर पाठवणं म्हणजे दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक पाटी ठेवणं. मी जे मागतोय ते याच्या नेमकं उलटं आहे. स्वतःला लागलेली ठेच पाठवा. काय करायला गेलो, पानावर काय लिहिलं होतं, झालं काय: तीन वाक्यं, मोडक्या इंग्रजीत चालतील. मी एका लहानशा लायब्ररीला पाठवलेली पहिली दुरुस्ती दोन शब्दांची होती आणि तिच्या खुलाशातल्या पाच ओळींत माझ्याच तीन चुका होत्या. समोरच्याने दुरुस्ती घेतली, माझ्या चुकांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आणि हे दुरुस्तीचं काम हलकं आहे असं कोणी मराठी माणसाने तरी म्हणू नये. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो. ती ग्रंथ लिहून पूर्ण झाल्याची तिथी म्हणून नव्हे; नकला करता करता शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत पूर्ण केली, त्याची ती तिथी. स्वतः एवढं लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथातल्या चुका काढत बसला, आणि आपण ग्रंथाचा वाढदिवस म्हणून तोच दिवस धरला.

शिक्षकांकडे माझं एक मागणं आहे. प्रॅक्टिकलची शेवटची पंधरा मिनिटं मोकळी ठेवा आणि मुलांना विचारा: आज डॉक्समध्ये कुठे अडलात? जर्नलच्या एका प्रयोगाऐवजी एक खरी, तपासलेली दुरुस्ती सबमिशनला धरा. बाहेरचे परीक्षक कुरकुरले तर पुल रिक्वेस्ट उघडून दाखवा. कंपन्यांत काम करणाऱ्यांनो, तुमचे डॅशबोर्ड याच लायब्ररीवर चालतात. शुक्रवारी दुपारी अर्धा तास काढा. जुन्या नावांची यादी तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त असणार, कारण व्हर्जन बदलल्यावर रात्री जागता तुम्ही. संशोधकांनो, तुम्ही शोधनिबंधात मॅटप्लॉटलिबचं नाव घालता, ते योग्यच. आकृती काढताना ज्या ओळीने तुमची संध्याकाळ खाल्ली, तीही कळवा. आणि पुण्यात, नाशकात, नागपुरात, पणजीत, किंवा बे एरियात बसून जे रात्री घरी मराठीत बोलतात, त्यांच्यातल्या कोणी देवनागरी आलेखांची खटपट यशस्वी केली असेल, तर ती आपल्या लॅपटॉपमध्ये ठेवू नका. ती त्या पानावर जाऊ द्या.

आमच्या लॅबच्या दाराशी आता एक दोनशेपानी वही टांगली आहे. वर लिहिलंय 'ठेचा'. कोणी तरी खाली मिरचीचं चित्र काढून ठेवलं आहे, तेही राहू दिलं. पहिली नोंद माझी: 'नॉर्म्ड', जर्नलमधला हिस्टोग्रामचा प्रयोग, दोन वर्षं माहीत असून दुरुस्त केला नाही. दुसरी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीची, पेन्सिलीने: स्कॅटरच्या आकाराचं वाक्य, उदाहरण हवं. तिने उदाहरण लिहायला घेतलंय. दोन ठिपके, एकाचा आकडा दुसऱ्याच्या चौपट. सोमवारी दोन वाजता ती पाठवणार आहे. लॅब पाचपर्यंत उघडी असते.